गुळाला सवलत नाही: स्टँडवरच्या हॉटेलमालकांना एका शुगरवाल्या कंडक्टरचं खुलं पत्र

स्टँडवरच्या, फाट्यावरच्या आणि तहसीलसमोरच्या समस्त हॉटेलमालकांनो,

रामराम.

मी एसटीत कंडक्टर आहे. 22 वर्षं झाली. त्यातली बहुतेक लातूर-नांदेड रस्त्यावर गेली. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा, कुठं कोणाचा चहा पाणचट असतो आणि कोण आलं ठेचून घालतो, हे मला तिकिटाच्या दरापेक्षा जास्त पाठ आहे. तुमच्यातले निम्मे मला ‘मास्तर’ म्हणतात, उरलेले ‘शुगरवाले मास्तर’. 11 वर्षांपूर्वी शुगर निघाली तेव्हापासून हे दुसरं नाव चिकटलंय. त्याचा राग नाही. देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे असं आयसीएमआरच्या 2023 साली छापून आलेल्या पाहणीत होतं. म्हणजे माझ्या गाडीत 50 माणसं बसली तर त्यातले चार-पाच माझेच भाऊबंद असणार, मग त्यांना ते माहीत असो की नसो. तुमच्या बाकड्यावर बसतात तेही हेच.

तुमच्यावर माझा जीव आहे. पहाटेची मुक्कामी गाडी काढताना तुमचाच स्टो आधी पेटलेला असतो. म्हणून हे पत्र भांडणाचं असलं तरी घरातलं भांडण समजा.

भांडण पाटीवरून आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या रस्त्यावर गुळाच्या चहाची दुकानं जागोजाग उघडली. उघडू देत. चहा चांगला असतो, मातीच्या कपात देता, दिसायलाही बरं. पण खाली पाटी काय लावलीय? ‘शुगरवाल्यांनी बिनधास्त प्या.’ एका ठिकाणी तर लाल अक्षरांत ‘मधुमेहावर गुणकारी’. मी मालकाला विचारलं, “हे कुणी सांगितलं?” तो म्हणाला, “मास्तर, समदे म्हणतेत की. गूळ नैसर्गिक असतोय.” नैसर्गिक तर धोतराही असतो, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. उलट मी पाटीवर विश्वास ठेवला. तीन महिने रोज पाच-सहा कप गुळाचा चहा प्यालो आणि घरी बायकोला ऐटीत सांगितलं, साखर सोडली.

तीन महिन्यांनी सरासरी शुगरची तपासणी केली, ती एचबीएवनसी म्हणतात ती, टक्क्यांत येते. आधी 7.4 होती, ती 9.1 निघाली. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदल केला? मी म्हणालो, काहीच नाही, उलट साखर बंद केलीय, गुळाचा चहा पितो. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. बिनतिकिटाचा प्रवासी ‘पास घरी राहिला’ म्हणतो तेव्हा मी ज्या नजरेनं बघतो, अगदी तीच नजर.

माझी भाची नांदेडला फार्मसी शिकते. तिनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दिला. 100 ग्रॅम गुळात साधारण 85 ग्रॅम साखरच असते. बाकी थोडं पाणी, थोडे क्षार, थोडी मळी. एका कपात तुम्ही 12 ते 15 ग्रॅम गूळ टाकत असाल तर माझ्या पोटात 10 ते 12 ग्रॅम साखर गेली. साध्या चहात दोन चमचे साखर टाकली तरी तेवढीच जाते. “मामा,” ती म्हणाली, “तुम्ही साखर सोडली नव्हती, तिचा रंग बदलला होता.”

मला ते माझ्या भाषेत असं कळलं. बायकांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट आहे. गुळाला रक्तात शिरताना कसलीच सवलत नाही, पूर्ण तिकीट. शंभराला पंधराची जी काही सूट दिसते तीही हातात राहत नाही, कारण गूळ साखरेपेक्षा कमी गोड, म्हणून हात आपोआप सैल सुटतो. गुळात लोह असतं म्हणता, असतं, खोटं नाही. पण चहाच्या कपातल्या गुळातून मिळून मिळणार किती? त्यापेक्षा बाजरीची भाकरी खा.

गुळाची बदनामी करायला मी बसलेलो नाही. माझ्या आजोळी गुऱ्हाळ होतं. थंडीत पहाटे चुलवाणावर काहील चढायची. चिपाडं टाकून जाळ धरायचा, रसात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी ओतून मळी वर आणायची आणि झाऱ्यानं काढून टाकायची. गुळव्या मामा रस आटत आला की बोटानं थेंब गार पाण्यात सोडून बघायचा, गोळी बसली की ओरडायचा, उतरवा! मग वाफ्यात ओतलेला ऊनऊन गूळ आम्ही पोरं बोटं भाजत चाटायचो. ती सगळी कृती आज डोळ्यापुढं आणली की एक गोष्ट दिसते. त्या काहिलीतून पाणी उडतं आणि मळी निघते. साखर कुठंच जात नाही. रस आटवत आणायचा तो ती साखर घट्ट करायलाच.

मधाचं, खजुराचं तेच. खडीसाखर ‘थंड असते, शुगरला चालते’ असं सांगणारी एक काकू मला दर आठवड्याला गाडीत भेटतात. खडीसाखर म्हणजे साखरच, मोठ्या खड्यांची. हे त्यांना सांगून मी दमलो, आता त्यांना खिडकीची जागा देतो आणि गप्प बसतो.

आता गोळ्यांकडं येतो. तुमच्यातल्या शहाण्या मालकांनी गल्ल्याजवळ ती छोटी डबी ठेवलीय, टिचकी मारली की एक गोळी पडते. आपल्याकडं तिला सगळेच ‘शुगर फ्री’ म्हणतात, कंपनी कुठलीही असो. तिच्याबद्दल दोन टोकाची माणसं मला भेटतात. एक म्हणतो औषध आहे, दुसरा म्हणतो कॅन्सर होतो. दोघांचं चूक आहे.

ह्या गोळ्यांचा इतिहास भाचीनं सांगितला तेव्हा मी गाडीत एकटाच हसत होतो. 1879 साली अमेरिकेत फालबर्ग नावाचा माणूस कोळशाच्या डांबरावर काम करत होता, जेवताना हात नीट धुतला नाही आणि पाव गोड लागला. ते सॅकरिन. 1965 साली श्लाटर नावाचा संशोधक अल्सरच्या औषधावर काम करत होता, कागद उचलायला बोट जिभेला लावलं. ते ॲस्पार्टेम. आणि 1976 साली लंडनमध्ये शशिकांत फडणीस नावाचे संशोधक साखरेत क्लोरीन घालून केलेल्या संयुगावर काम करत होते. वरिष्ठांनी ‘टेस्ट’ कर म्हटलं, म्हणजे तपास, त्यांनी ‘टेस्ट’ ऐकलं, म्हणजे चव बघ. दोन्ही शब्द मराठीत सारखेच लिहितात, त्यांचा तरी काय दोष! चव बघितली, ते सुक्रालोज, साखरेच्या 600 पट गोड. म्हणजे जगातल्या गोडव्याची निम्मी मजल न धुतलेल्या हातांनी मारली. (ह्याचा अर्थ तुमच्या पोरानं कप विसळताना हात न धुता चालेल असा कुणी घेऊ नये.)

गमतीचा भाग सोडा. सुक्रालोज 600 पट, ॲस्पार्टेम 200 पट गोड असल्यामुळंच गोळीत खरा माल मिलीग्रॅममध्ये असतो. ॲस्पार्टेमच्या एका गोळीत साधारण 20 मिलीग्रॅम. डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ समितीनं रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागे 40 मिलीग्रॅम ठरवलीय. माझं वजन 60 किलो, म्हणजे 2400 मिलीग्रॅम, म्हणजे दिवसाला 120 गोळ्या. इतका चहा मी प्यालो तर शुगरच्या आधी एसटी मला घरी बसवेल. 2023 च्या जुलैत डब्ल्यूएचओच्याच कर्करोग संस्थेनं ॲस्पार्टेमला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ ह्या गटात टाकलं, तेव्हा व्हॉट्सॲपवर बोंब झाली. पुरावा मर्यादित असला की त्या गटात टाकतात. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे, आणि कोरफडीचा रस तर आपले लोक शुगर कमी व्हावी म्हणून रांगा लावून पितात. त्याच दिवशी दुसऱ्या समितीनं 40 मिलीग्रॅमची मर्यादा जशीच्या तशी ठेवली, ते मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात डब्ल्यूएचओनं असंही सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवायला ह्या गोळ्या वापरू नका, दूरवर फायदा दिसत नाही. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, हे तिथंच लिहिलंय. म्हणून मी म्हणतो, गोळी औषध नाही आणि विषही नाही. चमचाभर साखर वाचवायची एक सोय आहे, तेवढीच. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार ज्यांना असतो त्यांना मात्र ॲस्पार्टेम चालत नाही. ते पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, आणि लहान मुलांना देऊ नका हेही. तुमच्या गल्ल्यापाशी उभं राहून लेकरं त्या डबीतल्या गोळ्या चघळतात, मी बघितलंय. डबी वरच्या फळीवर ठेवा.

स्टीव्हियाचं वेगळं. ती पराग्वेमधली वनस्पती, तिथले ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिची पानं गोडीला वापरत आले. आपल्या देशात तिचा शुद्ध अर्क खाण्यात वापरायला 2015 साली परवानगी मिळाली. साखर वाढवत नाही, मागं जरा कडवट चव राहते. पण ‘स्टीव्हिया’ लिहिलेलं पाकीट उलटं करून बघा. बऱ्याचदा त्यात बहुतांश एरिथ्रिटॉल नावाची दुसरीच गोड पावडर असते, कारण चिमूटभर अर्कानं पुडी भरत नाही. एरिथ्रिटॉल रक्तात जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात जास्त दिसले, असं एक संशोधन 2023 साली आलं. त्यानंच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण माझ्यासारख्या बीपी-शुगर दोन्ही असलेल्यानं पुडीवर पुडी रिकामी करू नये, एवढं मी त्यातून घेतलं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मास्तर, गोळीला तुमचा विरोध नाही, मग आमच्यावर कामून चिडले? सांगतो. पत्र खरं त्यासाठीच आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. दुपारची गाडी होती. माझी जेवणाआधीची गोळी अशी की ती घेतली की जेवायलाच लागतं. त्या दिवशी गोळी घेतली आणि डबा उघडायच्या आत गाडी सोडायची वेळ झाली. म्हटलं, पुढच्या स्टँडवर खाऊ. मध्ये टायर बसलं. माळावर, उन्हात, दीड तास. प्रवाशांच्या शिव्या खाण्यात डब्याची आठवणच राहिली नाही. स्टँडवर पोचलो तेव्हा कॉलर घामानं भिजली होती आणि मशीनची बटणं दोन-दोन दिसत होती. हात असा थरथरायला लागला की सुटे पैसे हातात राहिनात. एका म्हाताऱ्यावर मी उगीचच ओरडलो. शुगर उतरली की माणूस चिडतो, हे मला माहीत होतं, पण त्या वेळी ते आठवत नाही, हीच तर गोम आहे.

कसाबसा हॉटेलात शिरलो आणि म्हणालो, “चहा दे. गोड. लवकर.” पोरगं ओळखीचं. धावत गेलं, चहा आणला, वर हसून म्हणालं, “मास्तर, तुमच्यासाठी शुगर फ्री केलाय, तीन गोळ्या टाकल्या.” मी ते ऐकलं की नाही, आजही सांगता येणार नाही. जिभेला गोड लागलं आणि मला वाटलं, झालं, आता बरं वाटेल. पाच मिनिटं गेली, दहा गेली. डोळ्यापुढं अंधारी आली. जिभेला गोडी कळली होती, रक्तात कणभरही पोचली नव्हती. पोराची माया खरी होती. त्या मायेनंच माझी दहा मिनिटं खाल्ली.

ड्रायव्हर बघायला आला, त्यानं बरणीतली साखर मूठभर आणून तोंडात घातली. त्यानंही लवकर फरक पडेना. गाडीत एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टर होत्या. त्यांनी माझ्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, नाव वाचलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “ह्यात व्होग्लिबोज आहे. साखर सावकाश फुटेल. समोरच्या मेडिकलमधून ग्लुकोज आणा, पळा.” ग्लुकोज आलं, तीन मोठे चमचे पाण्यात कालवून पाजलं, पंधरा मिनिटांत मला समोरचं वेळापत्रक वाचता यायला लागलं. पहिली ओळ वाचली ती अजून आठवते, परभणी 4.15. मग सिस्टरनी माझाच डबा उघडून मला दोन धपाटे खायला लावले, कारण ग्लुकोज चढतं तसं उतरतंही.

व्होग्लिबोज काय करतं ते नंतर कळलं. ते आतड्यात साखर फोडणाऱ्या पाचकरसाला अडवतं. आपली नेहमीची साखर म्हणजे दोन साखरेचे जोडलेले कण, ते तुटल्याशिवाय रक्तात जात नाहीत, आणि तोडणाराच अडवलेला. ग्लुकोज मात्र आधीच सुटं असतं, त्याला तोडायचं काम नाही. म्हणून ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांची शुगर उतरली तर पहिलं ग्लुकोज. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे तर शुगर उतरण्याच्या धोक्यात कायमच असतात. जेवणाची वेळ चुकली, उन्हात जास्त काम झालं, की रक्तातली शुगर 70 मिलीग्रॅमच्या खाली जायला वेळ लागत नाही. मी त्या दिवशी मागच्या दारात उभा होतो. हातात स्टिअरिंग असतं तर काय, हा विचार मी ड्रायव्हरसमोर कधी बोलून दाखवला नाही. त्यालाही शुगर आहे.

म्हणून माझी पहिली मागणी लिहून घ्या. कुणी घामाघूम होऊन, थरथरत, ‘गोड चहा दे’ म्हणाला, तर तो शुगरवाला आहे म्हणून त्याला गोळीचा चहा देऊ नका. त्या घडीला त्याला खरी साखर लागते. गल्ल्यापाशी ग्लुकोजचा एक डबा ठेवा. बिस्किटांच्या बरणीपेक्षा महाग नाही. तीन मोठे चमचे पाण्यात, 15 मिनिटं वाट बघा, फरक नाही पडला तर परत तेवढंच. ग्लुकोज नसेलच तर ते येईस्तोवर साखरेचं पाणी तरी द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. सरळ 108 ला फोन लावा.

मिठाईवाले भाऊही हे पत्र वाचतील म्हणून त्यांच्याशी थोडं. सप्ताहाच्या काल्याला, लग्नाच्या पंगतीला आता ‘शुगर फ्री पेढा’ वेगळ्या ताटात येतो. कुंथलगिरीच्या पेढ्याच्या रस्त्यावर वाढलेला माणूस आहे मी, पेढ्याचा अपमान माझ्याकडून होणार नाही. पण हिशेब करू. किलोभर खव्याला पाच लिटरच्या आसपास दूध आटतं. लिटरभर दुधात 45 ते 50 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. म्हणजे त्या किलोभर खव्यात 200 ग्रॅमच्या वर साखर दुधाचीच आली, तुम्ही वरून चिमूटभरही टाकली नाही तरी. आणि अन्नसुरक्षेचा 2018 चा नियम सांगतो, की ‘शुगर फ्री’ लिहायचं तर 100 ग्रॅम मालात अर्धा ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको. खव्याच्या पेढ्याला ते जमणारच नाही. ‘वरून साखर घातलेली नाही’ असं लिहा, ते खरं असेल. वर तुपाचे-दुधाचे उष्मांक आहेतच. दोन ‘शुगर फ्री’ पेढे खाऊन वर ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या माझ्या साडूला हे दाखवा. साखरेऐवजी माल्टिटॉल नावाची गोड पावडर घातलेल्या बर्फीचं तर सांगूच नका, तिनं शुगरही थोडी चढते आणि पोटात गुबारा धरतो. एका लग्नात ती मी चार तुकडे खाल्ली आणि परतीच्या गाडीत शेवटची सीट धरली.

मेडिकलवाल्यांनो, तुम्हाला एकच. पुडी देताना ‘काका, घ्या बिनधास्त’ म्हणण्याऐवजी तिच्या मागचं वाचून दाखवा. पुडीत गोडीबरोबर भरणीला डेक्स्ट्रोज, लॅक्टोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे शुगर वाढवणाऱ्याच जातीची भुकटी. एका पुडीत ग्रॅमभर, फार काही नाही. पण दिवसाला दहा पुड्या टाकणाऱ्याला ते माहीत असावं.

मी स्वतः आता काय करतो, हे विचाराल तर फिका चहा. गोळीही नाही. सुरुवातीला काढ्यासारखा लागला, दोन-तीन आठवडे तोंड वाकडं करत प्यालो. मग एके दिवशी चुकून कुणाचा तरी गोड चहा तोंडात गेला आणि तोच लागेना. जीभ वळते, तिला वेळ द्यावा लागतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी एखाद-दुसऱ्या कपात गोळी टाकावी, मी त्यांना नावं ठेवणार नाही. मला एवढंच दिसलं की सारखं गोळीनं गोड केलं की जीभ गोडाचीच राहते, आणि मग चहा फिका-फिका करत बिस्किटाचा पुडा आत जातो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, मात्र रानात जातो, भज्जी, आंबील, उंडे, आणि गव्हाच्या खिरीची अर्धी वाटी घेतो. गुळाचीच खीर. त्या दिवशी भाकरी एक कमी खातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शुगर बघतो. सणाच्या दिवशी ताटावर बसून बायकोशी वाद घालण्यापेक्षा हे बरं. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरला विचारावं.

तुमच्याकडून मला फार काही नको. ‘बिनधास्त प्या’ ती पाटी उतरवा. गुळाचा चहा विका, नुसतं ‘गुळाचा चहा’ लिहून विका, मी स्वतः गिऱ्हाईक पाठवीन. चहाच्या पातेल्यात साखर आधीच ढोसू नका, एक छोटं भांडं फिक्या चहाचं वेगळं ठेवा. ‘फिका’ म्हटल्यावर ‘मास्तर, एवढीशी तरी टाकतो’ हा आग्रह बंद करा. फिक्याला दोन रुपये जास्त घेणारा एक मालक आहे आपल्या रस्त्यावर. साखर कमी आणि पैसे जास्त, ह्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही, भेटल्यावर समजावून सांगावा.

गुरुवारी माझी ड्यूटी सकाळच्या गाडीला आहे. अहमदपूरला दहा मिनिटं थांबतो.

आपला,
शुगरवाला मास्तर

ता. क. गोळी टाकायचीच असेल तर चहा कपात ओतल्यावर टाका. ॲस्पार्टेम पातेल्यात उकळलं की गोडी मरते, मग तुमचं पोरगं अजून दोन टाकतं.

दुसरं ता. क. टायर बसलं त्या दिवशी ज्या म्हाताऱ्या बाबांवर मी ओरडलो ते हाळीच्या बाजूचे होते. परत कधी गाडीत दिसले नाहीत. तुमच्या हॉटेलात बसत असतील तर त्यांचा एक चहा माझ्या नावावर मांडा. त्यांना विचारून, गोड की फिका.